माझ्या शेजारची नववी चिप

मित्रांनो, घरात कात्री सापडेनाशी झाली की तुम्ही ज्या खणात हात घालता, तशाच एका खणात मी राहतो. माझ्या एका बाजूला मोजायची टेप आहे. दुसऱ्या बाजूला संपलेले सेल आणि कोणत्या कुलपांच्या आहेत हे कुणालाच न आठवणाऱ्या किल्ल्या. तळहाताएवढा, चपटा, वरून करड्या धातूचा आणि खालून सोनेरी ठिपक्यांनी भरलेला जो तुकडा तुमच्या बोटांना लागेल, तो मी. मी एक जुना सर्व्हर प्रोसेसर आहे. संगणकाचा मेंदू, असे आमच्याबद्दल पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. ते मला कधी पटले नाही. मेंदूला शंका येते. आम्हाला येत नाही. माझी सगळी गोष्ट या एका फरकाची आहे.

वीज नसताना तुला ऐकू कसे येते, असे तुम्ही विचाराल. फाटकी छत्री आणि मोडकी खुर्ची जेव्हा आपली कहाणी सांगतात, तेव्हा तुम्ही असले प्रश्न विचारत नाही. मलाही तेवढी सूट द्या.

मी वाळूतून आलो. वाळू शुद्ध करतात, वितळवतात, तिच्यातून एक जाडजूड स्फटिक ओढून काढतात आणि त्याच्या पातळ गोल चकत्या कापतात. त्या चकत्यांवर प्रकाशाने नक्षी उमटवली जाते. ती इतकी बारीक असते, की धुळीचा एक कण पडला तरी एक प्रोसेसर जन्माआधीच मरतो. म्हणून तिथली माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत वावरतात आणि कुणी कशाला उगाच हात लावत नाही. आम्हाला काय इजा करते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तशी जागा मला पुन्हा मिळाली नाही.

मग आमची परीक्षा झाली. थोडी जास्त वीज दिल्यावर जी भावंडे सुसाट पळू लागली, ती डेस्कटॉप झाली आणि घरोघरच्या टेबलांवर गेली. जी बेताच्या वेगाने, फारशी न तापता, एका लयीत चालत राहिली, ती सर्व्हर झाली. डेस्कटॉपला आठ हात, मला चोवीस. त्याचा एकेक हात चपळ, माझा एकेक हात संथ. एकच काम झटपट उरकायचे असेल तर तो. एक प्रचंड काम वाटून घ्यायचे असेल आणि ते आठवडेच्या आठवडे न थांबता करायचे असेल, तर मी. यात कुणी मोठा नाही, कुणी छोटा नाही. हे साधे आहे, पण मी जी माणसे पाहिली ती याच साध्या ठिकाणी अडखळली.

माझी पहिली नोकरी एका मोठ्या इमारतीच्या तळघरात होती. तिथे लोखंडी कपाटांच्या रांगा होत्या, खिडकी नव्हती आणि पंख्यांचा आवाज इतका होता, की माणसे एकमेकांशी हातवारे करून बोलत. आम्ही हवामानाचे आकडे चालवायचो. दूरदूरच्या केंद्रांवरून तापमान, वारा, दाब यांचे आकडे येत आणि उद्या काय होईल याचा हिशेब आम्ही मांडत असू. आमचे कौतुक कुणी करत नसे. तंत्रज्ञ दोन रांगांमधून चालत जायचे आणि आमच्याकडे न बघता निघून जायचे. सर्व्हरच्या आयुष्यात ते न बघणे म्हणजेच शाबासकी.

तिथे माझ्या शेजारी मेमरीच्या पट्ट्या उभ्या असत. घरच्या संगणकाच्या पट्टीवर बहुधा आठ काळ्या चिपा असतात. माझ्या पट्ट्यांवर नऊ होत्या. आठ चिपा आकडे सांभाळत. नववी त्या आकड्यांची खूण जपून ठेवी. आकडा वाचताना खूण जुळली नाही की मला तिथल्या तिथे कळे, आणि एखादाच ठिपका, म्हणजे एखादे शून्य किंवा एक, बदलला असेल तर मी तो सुधारून पुढे जाई. मेमरीतला ठिपका बदलायला फार काही लागत नाही. आकाशातून आलेला एखादा अतिसूक्ष्म कण पुरतो, वायरीतला किंचित चढउतार पुरतो, नुसते म्हातारपणही पुरते. शून्याचा एक होतो. आवाज होत नाही, धूर निघत नाही. मी सुरुवातीला म्हणालो, आम्हाला शंका येत नाही. मला जी काही येत होती, ती त्या नवव्या चिपेकडून उसनी घेतलेली होती.

पुढे नवी यंत्रे आली. माझ्या निम्म्या विजेत ती माझे काम करत. कपाटे रिकामी झाली आणि मी मदरबोर्डसकट, मेमरीसकट एका जुन्या संगणकांच्या दुकानात येऊन पडलो. दुकानदार गळ्यात दोरीला भिंग अडकवून बसायचे, म्हणून सगळे त्यांना भिंगवाले काका म्हणत. फळीवर माझ्या एका बाजूला फुटके पडदे होते आणि दुसऱ्या बाजूला गुंतलेल्या वायरींचा डोंगर. तिथेच एका दुपारी ती दोघे आली. नुकताच संसार थाटलेली, आणि अजून एकमेकांच्या बोलण्यावर हसणारी.

काय काम करणार, असे काकांनी विचारले. दोघे एकदम बोलली. ती म्हणाली, "मीठ." तो म्हणाला, "विमान."

काकांनी भिंग शर्टाला पुसले. "सावकाश सांगा," ते म्हणाले. "माझ्याकडे दोन्ही विकायला नाहीत."

मग तिने समजावून सांगितले. ती संशोधन करत होती. समुद्राच्या पाण्यातले मीठ गाळणारा एक अतिपातळ पडदा असतो. त्यातून पाण्याचे कण कसे जातात आणि मिठाचे कसे अडतात, हे तिला संगणकात घडवून बघायचे होते. लाखभर कण, प्रत्येक जण दुसऱ्याला ओढतोय किंवा ढकलतोय. काळाचा एक कल्पनेपलीकडे छोटा तुकडा पुढे सरकायचा, सगळ्यांच्या जागा काढायच्या, मग पुढचा तुकडा. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी. संस्थेच्या मोठ्या यंत्रावर विद्यार्थ्यांची रांग संपत नव्हती आणि तिच्या प्रबंधाला मिळालेली मुदतवाढ शेवटची होती. त्याचा व्यवसाय वेगळा. तो विमान उडवण्याचा खेळ इंटरनेटवर लोकांसमोर थेट खेळायचा. बघणारे त्याला वैमानिक म्हणत, आणि घरभाडे त्याच विमानावर चालत असे. तो तिला मीठवाली म्हणायचा.

काकांनी मला हातात घेऊन उजेडात धरले. "ताई, तुमच्या कामाला हा उत्तम. चोवीस जण आहेत, वाटून घेतील. दादा, तुमच्या खेळाला हा नाही. खेळात एक जण धावतो आणि बाकीचे त्याची वाट बघत उभे राहतात. हा धावणाऱ्यातला नाही."

"थोडाफार तरी चालेल की, काका?"

"चालेल. माहेराहून निघालेल्या पोरीसारखा. पाय ओढत."

वैमानिकाने तिच्याकडे पाहिले आणि विमान थोडे अडखळले तर अडखळू दे, असे सांगून टाकले. मग त्याचे लक्ष मेमरीच्या पट्टीकडे गेले. एक चिप जास्त कशाला, त्याने मेमरी वाढते का, असे त्याने विचारले.

"नाही. ती नुसती बघते."

"म्हणजे आपल्या शेजारच्या काकू," तो म्हणाला. ती इतकी हसली की तिला फळीला धरावे लागले. त्या दिवसापासून माझ्या शेजारच्या नवव्या चिपेचे नाव काकू पडले. कपाटाच्या लोखंडात इतकी वर्षे काढून आम्हाला नाव नव्हते. तिला ते एका विनोदातून मिळाले.

त्यांची एकच खोली होती. एका भिंतीला पलंग, दुसऱ्या भिंतीला लांब टेबल. टेबलाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो, मध्ये मी. दिवसा मी तिचे कण मोजायचो. संध्याकाळी ती काम थोपवून धरी आणि तो विमान काढी. माझे पंखे तळघरासाठी घडवलेले, त्यामुळे खोलीत सतत घोंघावणे चाले. चहा हवा का, हे दोनदा विचारावे लागे. तिला एक सवय होती. कुणी काही सांगितले की ती विचारायची, "कशावरून?" तो म्हणाला आज लाइट जाणार, की कशावरून. तो म्हणाला तुझी आई माझ्यावर खूश आहे, की कशावरून. तो वैतागायचा आणि मग स्वतःच कारणे शोधायला लागायचा.

तिचे काम माझ्या हाती नीट चालले. पडद्याच्या पहिल्या टप्प्यांची उत्तरे तिच्या मार्गदर्शक बाईंनी तपासली आणि प्रबंधात घातली. पण त्याचे विमान खरोखर पाय ओढत होते. ढगात शिरले की पडद्यावरचे चित्र अडकायचे आणि बाहेर येईपर्यंत विमान डोंगरावर आपटलेले असायचे. बघणारे लिहायचे, वैमानिक, इंजिनाला पायडल बसवलेत का. तो त्यांच्याबरोबर हसायचा. हळूहळू लिहिणारे कमी झाले, मग बघणारेही. हे त्याने तिला सांगितले नाही. मला ठाऊक होते, कारण पाहणाऱ्यांचा आकडाही माझ्यातूनच जात असे.

मग तिच्या आईचे हाड मोडले आणि मीठवाली आईजवळ इस्पितळात राहायला गेली. जाण्याआधी तिने मुख्य टप्प्याची तयारी करून ठेवली. हाच तो टप्पा, ज्याच्यावर प्रबंध उभा राहायचा किंवा पडायचा. आधीचे छोटे काम संपले की तो सुरू कर, एवढेच तिने त्याला सांगितले होते.

ती नसताना त्याने साठवलेल्या पैशांतून नवा डेस्कटॉप प्रोसेसर आणला. माझ्या जागेत तो बसत नव्हता, म्हणून त्याच्यासाठी वेगळा मदरबोर्ड, वेगळी मेमरी. पट्टीवर आठ चिपा. त्याच्या मनात पाप नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवतो. खेळ सुधारेल हा हेतू होताच, पण त्याने पहिल्या दिवशी खेळ चालवला नाही. पहिल्यांदा त्याने तिची छोटी चाचणी चालवली. मी जे सकाळभर करायचो, ते त्या नव्या पोराने वैमानिकाचा चहा संपायच्या आत करून दाखवले. नव्या पिढीचा होता तो, आठच हात, पण डोळ्यांना दिसू नयेत इतके चपळ. वैमानिक खुर्चीवरून उठून उभा राहिला. त्याने तिला फोन लावला आणि फोन टेबलावर ठेवून मोठ्याने बोलू लागला. पलीकडून स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज येत होता.

"अगं, तुझं काम मुदतीच्या आधी संपेल. आधी."

"उत्तर तेच येतं ना?"

"तेच. जुळायला हवेत तेवढे सगळे आकडे जुळले."

मी टेबलावर उघडा पडलो होतो, आणि थांबलो होतो. आता ती विचारेल. कशावरून. किती वेळ चालवलंस. मेमरी कुठली आहे. कुणीतरी तिला तिकडून हाक मारली.

"मग चालव," ती म्हणाली.

त्याने चालवले. तिला आणखी लवकर मिळावे म्हणून मेमरीचा वेग कारखान्याने सांगितलेल्या मर्यादेच्या थोडा वर नेऊन ठेवला. खेळणारी मंडळी असे करतात आणि बहुतेक वेळा काही बिघडत नाही. खेळात एखादा ठिपका चुकला तर पडद्यावर क्षणभर एक चुकीचा रंग चमकतो आणि पुढच्या चित्रात पुसला जातो. खेळ विसरतो. तिचे गणित विसरत नाही. तिथे एका पायरीवरची चूक पुढच्या प्रत्येक पायरीत मुरत जाते.

मला त्याने सॉकेटमधून काढून खणात ठेवले. माझा मदरबोर्ड मात्र त्याला फेकवेना. बऱ्याच दिवसांची धूळ त्याच्यावर बसली होती. ती त्याने काढली, बोर्ड जुन्या चादरीत गुंडाळला आणि पलंगाखाली सरकवला. खणातून मला कपड्याची हलकी सळसळ ऐकू आली होती. तिचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

नवा पोरगा बडबड्या होता. टेबलावरून खणात तो मला हाक मारायचा, आजोबा, झोपलात का. मी त्याला एकदा विचारले, तुझ्याजवळ काकू आहेत का. तो म्हणाला, कोण काकू? मी समजावले. तो हसला आणि म्हणाला, "आजोबा, मी चुकलो तर मला कळणार नाही का?" वाईट मुलगा नव्हता. त्याला जसे घडवले तसा तो होता.

ती परत आली तेव्हा काम संपलेले होते. उत्तर बघून तिने खुर्ची पुढे ओढली, मग त्याला हाक मारली. पडद्यात एक जागा अशी निघाली होती, की तिथून पाणी सरसर जात होते आणि मीठ तिच्या आसपासही फिरकत नव्हते. कुणी न पाहिलेली जागा. तिने तिला दार म्हटले. मार्गदर्शक बाईंना फोन केला. त्या फारसे न बोलणाऱ्या, पण त्या दिवशी त्यांनीच फोन पुन्हा केला. या दारावर नुसता प्रबंधच नाही, तर पुढची दहा वर्षेही उभी राहतील, असे त्या म्हणाल्या. वैमानिकाने तिला खुर्चीसकट गोल फिरवले. त्या खोलीतला तो सर्वात आनंदाचा दिवस. मी त्याचा साक्षीदार आहे, म्हणून तो मला जास्त छळतो.

बाईंनी ते दार एका सभेत सगळ्यांसमोर मांडले. दुसऱ्या संस्थेतल्या लोकांनी परत जाऊन तसाच पडदा चालवून पाहिला. दार सापडले नाही. त्यांनी नम्रपणे कळवले. बाईंनी तिला पुन्हा चालवायला सांगितले. तिने त्याच यंत्रावर पुन्हा चालवले. सगळे तसेच, तोच आरंभ, त्याच सूचना. दार नव्हते.

तिने मग मधल्या नोंदी उलगडायला घेतल्या. पडद्यातल्या एका कणाचा विद्युतभार कुठल्यातरी क्षणी बदललेला होता. तो आपोआप बदलतच नाही, म्हणून तिचा प्रोग्रॅम त्याची पुन्हा तपासणी करत नव्हता. सगळी बेरीज बरोबर, सगळे नियम पाळलेले, फक्त एक कण खोटा. त्या एका खोट्या कणाने दार उघडले होते. चूक वाढवलेल्या वेगामुळे मेमरीत झाली, की प्रोसेसरमध्ये, हे सांगायला कुणी नव्हते. बघणारे कुणी तिथे ठेवलेच नव्हते.

त्या दुपारी टेबलावरून पोराचा आवाज आला. नेहमीचा नव्हता.

"आजोबा, मी चुकलो का?"

"ठाऊक नाही."

"मला तर सगळं बरोबरच वाटत होतं."

मलाही तसेच वाटले असते.

बाई स्वतः खोलीवर आल्या. चहा घेतला नाही. सभेत मांडलेले त्यांनी मागे घेतले होते, आणि ते घेताना त्यांची मान खाली गेली होती, हे त्यांनी सांगितले नाही तरी दिसत होते. या यंत्रावरचे काहीही आता सही करून पुढे पाठवता येणार नाही, असे त्या म्हणाल्या. पण जुन्या यंत्रावरची उत्तरे त्यांनी तपासली होती आणि ती पक्की होती. मुदतीत अजून एक फेरी बसत होती, जेमतेम. "जुन्यावर चालव," त्या म्हणाल्या. "लगेच सुरू कर. मी थांबते."

मित्रांनो, खण उघडला तेव्हा मला जे वाटले ते मी सांगणार नाही. तिने मला दोन्ही कडांनी अलगद उचलले, सोनेरी ठिपक्यांना बोट न लावता. कापसाने माझ्या पाठीवरचा, उष्णता वाहून नेणारा जुना लेप पुसला. माझे चोवीस हात शाबूत होते. वैमानिकाने पलंगाखालून बोर्ड काढला आणि चादर सोडली; काकूही पट्टीवर जागच्या जागी होत्या. मग तिने सॉकेटवर टॉर्च धरला.

सॉकेट म्हणजे माझी बसायची जागा. तिथे केसाएवढ्या बारीक हजारो पिना असतात, एकाच दिशेला किंचित वाकलेल्या, वाऱ्यात झुकलेल्या गवतासारख्या. माझा प्रत्येक सोनेरी ठिपका त्यातल्या एकीवर टेकतो. त्यांना स्पर्श करायचा नसतो. नवा बोर्ड घेतला तर त्यांच्यावर प्लॅस्टिकचे झाकण असते, ते याच कारणासाठी. माझे झाकण तळघर सोडतानाच हरवले होते.

टॉर्चच्या उजेडात एका बाजूचे सगळे गवत आडवे पडलेले होते. काही पिना एकमेकींत अडकल्या होत्या आणि त्यांच्यात निळ्या रंगाचे दोन धागे गुंतले होते.

तिने टॉर्च त्या धाग्यांवर नेला. मग तिने विचारले, "तू हे कापडानं पुसलंस?"

"धूळ होती," तो म्हणाला. "मऊ कापड होतं गं. तुझ्या चष्म्याचं."

"हो," ती म्हणाली. "मऊच आहे ते."

बाईंनी खिडकीकडे तोंड केले.

ती दोघे बोर्ड घेऊन भिंगवाल्या काकांकडे गेली. मलाही नेले. काकांनी भिंग डोळ्याला लावले, सुई घेतली आणि श्वास रोखून पिना एकेक करून उभ्या करू लागले. बऱ्याच उभ्या राहिल्या. मग एक तुटली. काका थांबले. त्यांनी आणखी एकीला हात लावला आणि तीही सुईबरोबर वर आली. तसा बोर्ड आता कुठे मिळत नाही, असे त्यांनी सांगितले. शोधतो म्हणाले, आणि खरेच शोधले. मिळाला तेव्हा मुदत उलटून गेली होती, आणि मग तो कुणी घेतला नाही. मोडका बोर्ड त्यांनी भंगारात घातला. मेमरीच्या पट्ट्या ठेवून घेतल्या, कुणाला तरी लागतील म्हणून. काकू गेल्या त्या तशा. निरोपही झाला नाही.

आता मी पुन्हा खणात आहे. माझ्यात काहीही बिघडलेले नाही. मला बसायला जागा मिळाली तर मी आज, या क्षणी तिचे लाखभर कण उचलीन. पण तिने प्रबंध सोडला आहे. ती आता शिकवण्या घेते आणि टेबलाच्या तिच्या टोकाला मुलांच्या वह्या तपासते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तो खेळतो. त्याला खेळावेच लागते, कारण घर त्याच्यावरच चालते. विमान आता सुरेख उडते. बघणारे परत आले, पूर्वीपेक्षा जास्त आले. तो त्यांच्याशी मोठ्याने बोलतो, विनोद करतो, हसतो. मग माइक बंद केल्याचा टक असा आवाज येतो, आणि खोलीत त्यानंतर काहीच ऐकू येत नाही. नव्या यंत्राला माझ्यासारखे घोंघावणारे पंखेही नाहीत. पोरगा मला आजोबा म्हणून हाक मारत नाही.

ती त्याला रागावली असती तर बरे झाले असते. तिने एकदाही तो विषय काढला नाही. तिला पक्के ठाऊक आहे की "मग चालव" हे शब्द तिचे होते.

मित्रांनो, अशा कहाण्यांच्या शेवटी आम्ही वस्तू तुम्हाला विनवतो, की आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला जपलेच होते. चष्मा पुसायच्या मऊ कापडाने पुसले होते. माझे मागणे वेगळे आहे. ज्याला जपायचे आहे ते कशाने मोडते, हे आधी विचारून घ्या, आणि मगच हात लावा. नवा आणि जुना, वेगवान आणि संथ यांची तुलना करायची तर जरूर करा. पण चहा संपेपर्यंत जो जिंकला, त्याच्यावर कुणाची वर्षे सोपवू नका. आणि तुमच्या घरात, वर्गात, कामाच्या ठिकाणी कुणी एक जण असतो, जो स्वतः काही करत नाही असे वाटते, नुसता बघतो आणि नको तेव्हा विचारतो, कशावरून? त्याला हसा, पण त्याला घालवू नका. आणि तो विचारायचा थांबला, तर मात्र घाबरा.

परवा कात्रीसाठी खण उघडला. वैमानिकाचे बोट टेपेवरून माझ्यावर आले आणि तिथेच राहिले. ती मागे वह्यांवर वाकलेली होती.

"मीठवाले," तो म्हणाला, "होईल बघ सगळं नीट."

तो वळला नाही. त्याचे बोट माझ्यावर होते, आणि आम्ही दोघे एकाच शब्दाची वाट बघत होतो.

"हो," ती म्हणाली. "कात्री दे."

त्याने कात्री काढली आणि खण लावून टाकला.